तेल कोणतं, याआधी ते कसं काढलंय ते बघा

वाचकाचं पत्र : आमच्या घरात पाच माणसं. नऊ वर्षांच्या मुलीला शेंगदाणा, काजू आणि अक्रोड यांची ॲलर्जी आहे आणि एकदा तिला त्यामुळे दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तीन वर्षांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी, नवऱ्याला सोयाबीनची. सासऱ्यांचं एलडीएल (म्हणजे ‘वाईट’) कोलेस्टेरॉल वाढलंय. स्वयंपाकघरात चार तेलं, शिवाय तूप, लोणी, मार्गारिन आणि तेलाचा स्प्रे एवढं सगळं आहे, आणि कोणाला काय चालतं हे सांभाळताना मी दमून जाते. घाण्याचं तेल सर्वांत चांगलं असं सगळे सांगतात, मुलीचे डॉक्टर मात्र रिफाइंडच वापरा म्हणतात. सगळ्यांना चालेल आणि तब्येतीलाही चांगलं असेल असं एखादं तेल आहे का?

उत्तर : एकाच तेलावर पूर्ण भागणार नाही, पण दोन तेलं आणि एक घट्ट चरबी एवढ्यात तुमचं घर आरामात चालेल. आज ओट्यावर असलेल्या बाटल्या निम्म्याहून कमी होतील. आणि घाण्याचं की रिफाइंड या वादात, तुमच्या घरापुरतं बोलायचं तर, डॉक्टरांचं बरोबर आहे. ते का, हे नीट समजलं की पुढची खरेदी तुम्हाला कोणाला न विचारता करता येईल.

ॲलर्जी होते ती प्रथिनांमुळे. शरीर शेंगदाण्यातल्या किंवा दुधातल्या ठरावीक प्रथिनांना शत्रू समजतं. स्निग्ध पदार्थाला नाही. म्हणून कोणत्याही तेलाबद्दल पहिला प्रश्न एकच: ज्या बीपासून ते काढलं, त्या बीचं प्रथिन त्यात किती उरलंय? बी नुसतं दाबून तेल काढलं, निवळू दिलं आणि कापडातून किंवा जाळीतून गाळलं, की बियांचे अगदी बारीक कण आणि त्यांच्यासोबत थोडं प्रथिन तेलात राहतं. घाण्याच्या तेलाला जो वास आणि रंग असतो, तो अशा उरलेल्या गोष्टींचाच. ज्यांना ॲलर्जी नाही त्यांना त्याने काही होत नाही. ज्याला त्याच बीची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी मात्र ते तेल म्हणजे पातळ केलेली ती बीच.

रिफाइनिंगमध्ये तेल चार टप्प्यांतून जातं. आधी पाणी किंवा सौम्य आम्ल घालून त्यातला चिकट भाग वेगळा काढतात. मग अल्कली घालून मोकळी आम्लं साबणाच्या रूपात काढतात, विशिष्ट मातीतून नेऊन रंग काढतात, आणि शेवटी निर्वात टाकीत 200 अंश सेल्सियसच्या वर वाफ सोडून वास घालवतात. प्रथिन तेलात विरघळत नाही. ते चिकट भागासोबत, साबणासोबत आणि मातीसोबत निघून जातं. चारही टप्पे झालेल्या तेलात प्रथिनाचा अगदीच नगण्य अंश उरतो. 1997 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याबद्दल एक नेमकी चाचणी प्रसिद्ध झाली. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या 60 जणांना दोन्ही प्रकारचं शेंगदाणा तेल देऊन पाहिलं. रिफाइंड तेलावर एकालाही प्रतिक्रिया आली नाही, कच्च्या तेलावर सहा जणांना आली.

इथे लेबलवरचा एक शब्द फार घोळ करतो. ‘फिल्टर्ड’ म्हणजे रिफाइंड नव्हे. दोनदा गाळलेलं तेलही कच्चंच असतं. ‘कोल्ड प्रेस्ड’, ‘व्हर्जिन’, ‘अनरिफाइंड’, ‘घाण्याचं’, ‘टोस्टेड’ यांपैकी काहीही लिहिलं असेल तर त्यात प्रथिन आहे असंच धरून चला. ‘रिफाइंड’ किंवा ‘न्यूट्रलाइज्ड, ब्लीच्ड, डिओडराइज्ड’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

मग मुलीला रिफाइंड शेंगदाणा तेल चालेल का? कागदावर चालायला हरकत नाही, पण आमचं स्पष्ट मत आहे की घरात ते आणूच नका. आरोग्याच्या दृष्टीने त्यात असं काही नाही जे दुसऱ्या तेलातून मिळत नाही, आणि बाटलीतलं तेल खरोखर पूर्ण रिफाइंड आहे की त्यात कच्चं मिसळलंय हे घरी ओळखता येत नाही. जिला एकदा दवाखान्यात ठेवावं लागलंय तिच्या बाबतीत हा धोका पत्करायचं कारण नाही. नियमसुद्धा देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत पूर्ण रिफाइंड तेलाला ॲलर्जीची सूचना लिहिण्यातून सूट आहे. युरोपीय संघात ती सूट पूर्ण रिफाइंड सोयाबीन तेलाला आहे, शेंगदाणा तेलाला नाही. म्हणजे एकच तेल एका देशातल्या पाकिटावर सूचनेसह दिसेल आणि दुसऱ्या देशातल्या पाकिटावर सूचनेशिवाय.

काजू आणि अक्रोडाचं म्हणाल तर या फळांची तेलं बहुतेक कच्चीच विकली जातात, कारण लोक ती वासासाठीच घेतात. ती पूर्ण बंद. यात दोन नावं जोडून घ्या: काजूची प्रथिनं पिस्त्याशी आणि अक्रोडाची पेकन या अक्रोडासारख्याच फळाशी फार जुळतात, म्हणून पिस्ता आणि पेकनचं तेलही तुमच्या घरी नको. शेंगदाणा आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना तिळाचीही असते. तीळ तेल जवळजवळ नेहमी कच्चं किंवा भाजलेल्या तिळांचं असतं. मुलगी तीळ आधीपासून निर्धास्त खात असेल तर प्रश्न नाही. नसेल तर तपासणीआधी ते घरात आणू नका.

नारळाबद्दल पालक हमखास विचारतात. नारळ हे सुक्या मेव्यातलं फळ नाही, ते ताडाच्या कुळातलं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अनेक वर्षं त्याला सुक्या मेव्याच्या यादीत ठेवलं होतं आणि 2025 च्या जानेवारीत त्यातून वगळलं. काजू-अक्रोडाच्या ॲलर्जीमुळे आपोआप नारळ बंद करावा लागत नाही. नारळाची वेगळी ॲलर्जी असू शकते, पण ती क्वचित. मुलीने तो आजवर कधीच खाल्ला नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा आणि मगच सुरू करा.

आता मुलाचं दूध. लोणी, मार्गारिन आणि तूप या तिघांत सगळ्यात जास्त गैरसमज तुपाबद्दल आहे. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो, बाकी पाणी आणि एक-दोन टक्के दुधातले घन पदार्थ. तूप कढवताना हे घन पदार्थ खाली बसतात आणि आपण वरचं गाळून घेतो, म्हणून ‘तुपात दूध राहत नाही’ असं म्हणतात. पण केसीन आणि व्हे या दुधातल्या प्रथिनांचे अंश गाळलेल्या तुपातही सापडतात. ज्यांना फक्त लॅक्टोज पचत नाही त्यांना तूप बहुधा सोसतं, कारण लॅक्टोज ही साखर आहे आणि ती तुपात नावालाच उरते. तुमच्या मुलाला ॲलर्जी आहे, अपचन नाही. त्याला तूप नको, थोडंसुद्धा.

मार्गारिन वनस्पती तेलाचं असतं म्हणून दूधमुक्त असेल असं धरू नका. चवीसाठी त्यात व्हे, ताकाची पावडर किंवा सोडियम केसीनेट घातलेलं असू शकतं. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या काही पदार्थांतही केसीनेट असतं. ‘व्हीगन’ म्हणजे दूध मुद्दाम घातलेलं नाही एवढंच. त्याच यंत्रावर आधी लोण्याचा माल निघाला असेल तर अंश येऊ शकतो. यादीत केसीन, केसीनेट, व्हे, लॅक्टाल्ब्युमिन, दुधाचे घन पदार्थ यांपैकी एकही नाव दिसलं तर डबा परत ठेवा. आणि मार्गारिनमध्ये तेल-पाणी एकजीव ठेवणारं लेसिथिन बहुधा सोयाबीनचं असतं, म्हणजे तुमच्या घरी ते मुलाला नाही आणि नवऱ्यालाही नाही. मार्गारिन कायमचं काढून टाका, त्याची गरज पडणार नाही.

नवऱ्याच्या सोयाबीनबद्दल एक गोष्ट करून घ्या. पूर्ण रिफाइंड सोयाबीन तेल आणि सोया लेसिथिन त्यांना चालतं का, हे त्यांच्या ॲलर्जीतज्ज्ञांना थेट विचारा. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना ते चालतं. घरात ते तेल नकोच, पण बाहेरच्या तयार मालात ते इतक्या ठिकाणी असतं की डॉक्टरांनी परवानगी दिली तर त्यांचं बाहेर खाणं कितीतरी सोपं होईल. परवानगी नसेल तर नुसतं ‘वनस्पती तेल’ लिहिलेला पदार्थ त्यांनी टाळावा, कारण त्यात सोयाबीन असण्याची शक्यता बरीच असते.

तेलाचा स्प्रे आजच बाहेर काढा. बाटलीवर कोणत्याही तेलाचं नाव असलं तरी त्यात पदार्थ चिकटू नये म्हणून बहुधा लेसिथिन असतं, अनेकदा सोयाबीनचं. बेकिंगसाठी मिळणाऱ्या काही स्प्रेमध्ये तर गव्हाचं पीठही असतं. तुमच्या घरी गहू चालतो, पण ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी हे ध्यानात ठेवावं. भांड्याला तेल लावायला कागदी रुमालाचा तुकडा किंवा फक्त या कामाचा एक सिलिकॉनचा ब्रश पुरतो.

आता काय घ्यायचं ते सांगतो.

रोजच्या तापवण्यासाठी, परतण्यासाठी आणि तळण्यासाठी रिफाइंड हाय ओलिक सूर्यफूल तेल घ्या. साध्या सूर्यफूल तेलात लिनोलिक हे बहु-असंतृप्त (पॉलीअनसॅच्युरेटेड) स्निग्ध आम्ल सुमारे 60 टक्के असतं आणि ते उष्णतेत लवकर बिघडतं. हाय ओलिक जातीच्या बियांत तेच प्रमाण उलटं असतं: ओलिक हे एक-असंतृप्त (मोनोअनसॅच्युरेटेड) आम्ल 80 टक्क्यांच्या आसपास, आणि ते तापूनही टिकतं. ‘हाय ओलिक’ हे शब्द बाटलीच्या पुढच्या बाजूला नसतील तर मागचा पोषणाचा तक्ता वाचा. 100 ग्रॅममध्ये मोनोअनसॅच्युरेटेड 75 ग्रॅम किंवा जास्त असेल तर हेच तेल. पॉलीअनसॅच्युरेटेड 55 ते 65 ग्रॅम असेल तर ते साधं सूर्यफूल. तेल किती अंशांवर धूर सोडतं यावरच बरेच जण तेल निवडतात. तेवढं पुरेसं नाही. धूर सुटण्याआधीच बहु-असंतृप्त तेल हवेशी संयोग पावून बिघडायला लागतं.

हे मिळालं नाही तर रिफाइंड कनोला, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या एका बीचं तेल. त्यात एलडीएल वाढवणारा संतृप्त स्निग्धांश फक्त 7 टक्के, सगळ्या प्रचलित तेलांत जवळजवळ सर्वांत कमी, शिवाय ओमेगा-3 सुमारे 9 टक्के. ज्यांच्या घरी मोहरीची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र कच्चं, दाबून काढलेलं कनोला किंवा रेपसीड तेल घेऊ नये. मोहरी आणि कनोला एकाच कुळातल्या आहेत आणि त्यांच्या बियांतली प्रथिनं एकमेकींशी जुळतात.

न तापवता वर घालायला, कोशिंबिरीला आणि मंद आचेवर परतायला एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल. हे कच्चं आहे, तरी तुमच्या घरी चालतं, कारण ऑलिव्हची ॲलर्जी कोणालाच नाही. रिफाइंड हवं हा नियम ज्याची ॲलर्जी आहे त्या बीपुरता आहे. बाकी ठिकाणी कच्च्या तेलातले चांगले घटक मिळवायला काहीच हरकत नाही. मात्र हे तेल स्वस्तातलं, नाव नसलेलं घेऊ नका. ऑलिव्ह तेलात हेझलनट या सुक्या मेव्यातल्या फळाच्या तेलाची भेसळ झाल्याचे प्रकार जगात सापडलेले आहेत, आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्या घरात ती भेसळ नुसती फसवणूक राहत नाही. ॲव्होकाडो तेलाची शिफारस मी तुम्हाला म्हणूनच करत नाही. 2020 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने बाजारातले नमुने तपासले, तेव्हा 82 टक्के नमुने एक तर मुदतीआधीच खवट झालेले किंवा भेसळीचे निघाले. काही बाटल्यांत तर जवळजवळ संपूर्ण सोयाबीन तेल होतं. तुमच्या नवऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी वस्तू, घट्ट चरबी, फक्त बेकिंगपुरती: रिफाइंड खोबरेल तेल, खाण्याचं, लहान बरणी. ते 24 अंशांच्या खाली घट्ट राहतं, म्हणून लोण्याची जागा घेऊ शकतं. पण ते रोजचं तेल करू नका. एका टेबलस्पूनमध्ये सुमारे 12 ग्रॅम संतृप्त स्निग्धांश असतो; तेवढ्याच लोण्यात 7, ऑलिव्हमध्ये 2, कनोलात 1. सासऱ्यांचं एलडीएल वाढवायला ते पुरेसं आहे. ‘नैसर्गिक आहे म्हणून हृदयाला चांगलं’ हा दावा मोजमापांत टिकत नाही: असंतृप्त तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल वाढतं. पाम तेलही नको, त्यात जवळजवळ निम्मा भाग संतृप्त असतो आणि रिफाइन करताना तयार होणारे, तब्येतीला घातक ठरू शकणारे ग्लिसिडिल एस्टर त्यातच सर्वाधिक सापडले आहेत.

किती घालायचं? तेल मोजायला घरात एक चमचा ठरवून ठेवा. 15 मिलीचा टेबलस्पून म्हणजे जवळजवळ 14 ग्रॅम आणि 120 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात एकूण ऊर्जेच्या 30 टक्क्यांपर्यंत स्निग्ध पदार्थ आणि 10 टक्क्यांपेक्षा कमी संतृप्त. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे 67 ग्रॅम आणि 22 ग्रॅम येतं, त्यातला मोठा वाटा बाकीच्या अन्नातून येतोच. म्हणून मोठ्यांना वरून सुमारे दोन टेबलस्पून, मुलीला थोडं कमी, असं धरलं तर पाच जणांना महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास पुरेल. महिन्याला पाच लिटर संपत असेल तर तेल कोणतं यापेक्षा किती, हा प्रश्न सासऱ्यांसाठी मोठा आहे.

मुलाच्या बाबतीत उलट काळजी घ्यायची. दूध बंद झालं की त्यातला स्निग्धांशही गेला. 250 मिली सायीच्या दुधात 8 ते 9 ग्रॅम असतो. दोन चहाचे चमचे, म्हणजे 10 मिली तेल त्याच्या जेवणात वरून घातलं की तेवढी भरपाई होते. तांदळाच्या किंवा ओटच्या पेयात ना तेवढा स्निग्धांश असतो ना प्रथिन. कॅल्शियम, प्रथिनं आणि वजनाचा आलेख हे सगळं आहारतज्ज्ञांनी पाहायला हवं. तेलाने फक्त कॅलरीची भरपाई होते. घरात कोलेस्टेरॉलचा रुग्ण आहे म्हणून तीन वर्षांच्या मुलाचं जेवण कमी तेलाचं करू नका.

अक्रोड गेला म्हणून ओमेगा-3 ची चिंता असेल, तर जवसाचं तेल उपयोगी आहे. एका चहाच्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-3, असतं. प्रौढ पुरुषाला दिवसाला 1.6 आणि स्त्रीला 1.1 ग्रॅम पुरतं. ते कधीही तापवू नका. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये, उघडल्यापासून सहा-आठ आठवड्यांत संपवा. जवसाची स्वतंत्र ॲलर्जी असू शकते आणि हे तेलही कच्चंच असतं, म्हणून मुलीला आधी डॉक्टरांशी बोलूनच. कनोला वापरत असाल तर या चौथ्या बाटलीची गरजच नाही: त्याच्या एका टेबलस्पूनमध्ये 1.3 ग्रॅम मिळतं.

आता एक मुद्दा जो बाटलीवर कुठेच लिहिलेला नसतो. घाण्यावर एकामागून एक बिया दाबल्या जातात. आधी शेंगदाणा, मग सूर्यफूल, मग तीळ. पेंड काढली तरी यंत्राच्या खाचांत चोथा राहतो आणि पुढच्या तेलात उतरतो. म्हणजे सूर्यफुलाचं घाण्याचं तेलही तुमच्या मुलीसाठी शेंगदाण्याचा अंश घेऊन येऊ शकतं. सुटं तेल घेताना हेच एका मापाच्या भांड्याने होतं. तुमच्या घरात फक्त कारखान्यात सीलबंद झालेली बाटली किंवा डबा आणा, आणि उत्पादकाला फोन करून किंवा लिहून तीनच गोष्टी विचारा: तेल पूर्ण रिफाइंड आहे का, त्याच यंत्रावर शेंगदाणा, सुका मेवा, तीळ किंवा सोयाबीन चालतं का, चालत असेल तर मधे यंत्र कसं साफ करता. लेखी उत्तर द्यायला जो तयार नाही त्याचं तेल घेऊ नका.

एकदा खात्री केलेला ब्रँडही प्रत्येक खरेदीत पुन्हा वाचा. 2022 मध्ये युक्रेनमधल्या युद्धामुळे सूर्यफूल तेलाचा तुटवडा पडला तेव्हा ब्रिटनमधल्या काही उत्पादकांनी लेबल बदलण्याआधीच आपल्या पदार्थांत रिफाइंड रेपसीड तेल वापरायला सुरुवात केली होती आणि तिथल्या अन्न मानक संस्थेने ग्राहकांना तसं कळवलं होतं. तिथे धोका अगदी कमी होता. पण तुटवड्याच्या काळात लेबल मागे पडू शकतं, हे लक्षात असू द्या.

स्वयंपाकघरात काय चुकतं? सर्वांत जास्त गडबड तळण्याच्या तेलात होते. एखाद्या पदार्थातून सुटलेलं प्रथिन त्याच तेलात पुढच्या पदार्थाला लागतं. गाळून ते जात नाही आणि तापवून नष्ट होत नाही. म्हणून दुधाचा अंश असलेलं काहीही ज्या तेलात तळलं, ते तेल मुलासाठी संपलं. बाहेर खातानाही विचारायचं ते हेच: हे ज्या कढईत तळताय तिच्यात आणखी काय तळता? तेलाचं नाव सांगून हॉटेलवाले उत्तर टाळू पाहतील, पण तुम्ही प्रश्न सोडू नका. घरी 175 ते 180 अंशांवर तळा. थर्मामीटर नसेल तर तेलाचा अंदाज घ्यायला पावाचा तुकडा टाकायची पद्धत आहे, ती तुम्ही वापरू नका, पावात दूध किंवा सोयाबीन असू शकतं. त्याऐवजी पुसून कोरडा केलेला बटाट्याचा लहान तुकडा टाका. लगेच बुडबुडे येऊन तो वर तरंगला तर तेल तयार. खाली बसून राहिला तर थांबा. कडा क्षणात काळवंडल्या तर आच कमी करा. फेस येणारं, दाट झालेलं किंवा आधीपेक्षा लवकर धुरणारं तेल टाकून द्या.

बिडाची कढई आणि लाकडी उलथनी यांच्या छिद्रांत जुनं तेल मुरतं. ज्या कढईत शेंगदाणा किंवा तूप वापरलंय ती घासून पूर्ण निर्धोक झाली असं सांगता येत नाही, म्हणून मुलांच्या स्वयंपाकासाठी स्टीलची एक कढई, एक उलथनं आणि एक गाळणं वेगळं ठेवा. ओटा आणि हात साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने शेंगदाण्याचं प्रथिन हातावरून पूर्ण जात नाही, आणि सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन तिथेच ठेवतो. तूप-लोणी घरात ठेवायचंच असेल तर ते फक्त ताटात वरून घ्यायचं, वेगळ्या रंगाच्या चमच्याने, स्वयंपाकात नाही. सासऱ्यांच्या दृष्टीनेही हेच बरं, एका टेबलस्पून तुपात 8-9 ग्रॅम संतृप्त स्निग्धांश असतो.

केक-बिस्किटांत लोण्याऐवजी तेल घालताना लोक वजनाला वजन घालतात आणि केक तेलकट, चिकट होतो. लोण्यात 80 टक्केच स्निग्धांश असतो, म्हणून 100 ग्रॅम लोण्याऐवजी 80 ग्रॅम तेल आणि एक टेबलस्पून पाणी. जिथे लोणी-साखर फेटून हवा भरायची असते तिथे तेल हवा धरत नाही, आणि केक बसतो. अशा वेळी 80 ग्रॅम घट्ट खोबरेल तेल घ्या, बोटाने दाबलं तर खड्डा पडेल इतपत मऊ, पण वितळलेलं नाही. अंडी आणि बाकी साहित्य फ्रिजमधलं गार घातलं तर तेल दाणेदार होऊन फुटतं, म्हणून ते तासभर आधी बाहेर काढून ठेवा. बिस्किटं पसरत असतील तर मळलेला गोळा भट्टीत टाकण्याआधी 30 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

बाटली उघडली की तारीख लिहा. एक लिटरच्याच बाटल्या घ्या, शेगडीपासून लांब, बंद कपाटात ठेवा. जुन्या रंगासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास आला की तेल खवट झालं. जुन्या बाटलीत नवं तेल कधीही ओतू नका: तळाचा खवटपणा नव्या तेलाला लागतो, आणि बाटलीत आधी काय होतं हे दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

ज्या बीची ॲलर्जी आहे तिचं तेल, रिफाइंडसुद्धा, घरी ‘थोडं देऊन बघू’ असं करू नका. ती चाचणी दवाखान्यातच होते. ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी, श्वास लागणं किंवा आवाज घोगरा होणं, वारंवार उलट्या, एकदम गळून जाणं, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांनी दिलेलं एपिनेफ्रिनचं (ॲड्रेनलिनचं) इंजेक्शन लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या आणि दवाखाना गाठा. ॲलर्जीची गोळी हा त्याचा पर्याय नाही, आणि ‘थोडा वेळ बघू’ म्हणून थांबू नका. इंजेक्शन अजून लिहून दिलेलं नसेल तर मुलीसाठी ते आधी मागून घ्या, तेलाची खरेदी त्यानंतर.

मुलाच्या डॉक्टरांना दरवर्षी एकदा विचारत राहा. दुधाची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते आणि ती गेली आहे का हे तपासणीतून ठरवता येतं. शेंगदाण्याची ॲलर्जी साधारण पाचांपैकी एका मुलाचीच जाते, तेव्हा मुलीच्या बाजूचे नियम लांबचे समजा. मुलाला दूध चालू लागलं तरी लोणी पुन्हा स्वयंपाकाचं मुख्य साधन करू नका, सासऱ्यांचा एलडीएलचा पुढचा अहवाल आधी पाहा.